नकाशात आखडलेली आफ्रिका

ग्रीनलँडच्या बातम्या वर्तमानपत्रांत रोज येत होत्या, त्या दिवसांतली गोष्ट. आठवीच्या वर्गात एका मुलाने विचारले, "सर, ट्रम्पला ग्रीनलँड कशाला पाहिजे?" आम्ही काही सांगायच्या आतच मागच्या बाकावरून आवाज आला, "अरे, नक्शे में देख ना, कित्ता बडा है! पूरे अफ्रीका के बराबर है."

सगळा वर्ग भिंतीकडे पाहू लागला. भिंतीवर जगाचा जुना नकाशा टांगलेला आहे. खाली लाकडी दांडी, वर खिळा, कडेला फाटलेला, चिकटपट्टीने जोडलेला. त्यात ग्रीनलँड खरोखरच आफ्रिकेएवढे दिसते. मुलाने डोळ्यांना दिसले ते सांगितले. त्याची चूक काय?

खरी आकडेवारी मात्र वेगळीच आहे. ग्रीनलँडचे क्षेत्रफळ सुमारे २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर आहे. आफ्रिका खंडाचे आहे सुमारे ३ कोटी ३ लाख. म्हणजे आफ्रिका ग्रीनलँडच्या १४ पट मोठी. आपला भारत सुमारे ३२ लाख ८७ हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे ग्रीनलँडच्या दीडपट. आणि ज्या ग्रीनलँडकडे पाहून मुले थक्क झाली होती, ते आकाराने जवळपास सौदी अरेबियाएवढे आहे, कारण सौदी अरेबियाही साडेएकवीस लाख चौरस किलोमीटरचाच आहे.

हे आकडे आम्ही फळ्यावर लिहिले तेव्हा वर्गात शांतता पसरली. मग एका मुलीने विचारले, "सर, मग हा नकाशा खोटा आहे का? आणि खोटा आहे तर भिंतीवर कशाला लावलाय?"

या प्रश्नाने आम्हालाच गप्प केले. वीस वर्षांहून अधिक काळ आम्ही या नाही तर अशाच नकाशावर छडी ठेवून देश आणि राजधान्या शिकवत आलो. बी.एड.च्या काळात पाठ टिपणात 'शैक्षणिक साहित्य : जगाचा नकाशा' असे लिहून गुणही मिळवले. पण या नकाशात काय बरोबर आहे आणि काय नाही, हे मुलांना सांगायचे असते, हे मनात आलेच नाही. हा लेख त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आहे, थोडे उशिरा दिलेले.

आफ्रिकेची मागणी

हा प्रश्न केवळ आमच्या वर्गापुरता नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ५५ सदस्य देशांच्या आफ्रिकन युनियनने एका मोहिमेला जाहीर पाठिंबा दिला. मोहिमेचे नाव 'करेक्ट द मॅप', म्हणजे नकाशा दुरुस्त करा. 'आफ्रिका नो फिल्टर' आणि 'स्पीक अप आफ्रिका' या दोन संस्था ती चालवतात. त्यांचे म्हणणे असे की सरकारे, शाळा आणि आंतरराष्ट्रीय संस्थांनी मर्केटर पद्धतीचा जगाचा नकाशा वापरणे थांबवावे आणि त्याऐवजी ज्यात देशांचे क्षेत्रफळ खरे दिसते असा 'इक्वल अर्थ' नकाशा वापरावा.

आफ्रिकन युनियन आयोगाच्या उपाध्यक्षा सेल्मा मलिका हद्दादी यांनी या वेळी मांडलेला मुद्दा साधा होता. हा नुसता नकाशाचा प्रश्न वाटतो, पण तसा तो नाही. दीडशे कोटींच्या आसपास लोक जिथे राहतात, जगात आशियानंतर क्षेत्रफळाने दुसरा क्रमांक ज्याचा आहे, तो खंड या नकाशामुळे कडेचा आणि किरकोळ वाटू लागतो. जागतिक बँकेनेही सांगितले की आपल्या छापील नकाशांसाठी ती इतर प्रक्षेपणे वापरते आणि संकेतस्थळावरचा मर्केटर हळूहळू बंद करत आहे.

आफ्रिका किती मोठी आहे याचा अंदाज घ्यायचा असेल तर एक हिशेब करून पाहा. अमेरिका, चीन आणि भारत या तिन्ही देशांचे क्षेत्रफळ एकत्र केले तर ते सुमारे २ कोटी २७ लाख चौरस किलोमीटर होते. हे तिन्ही देश आफ्रिकेत मावतात आणि तरीही ७० लाख चौरस किलोमीटरहून जास्त जागा शिल्लक राहते. शिल्लक जागेतच दोन भारत बसतील!

संत्र्याची साल

मग नकाशात असे होते का? याचे उत्तर देण्यासाठी आम्ही वर्गात एक संत्रे नेले. साल शक्य तितकी अखंड सोलली आणि टेबलावर ठेवून तळहाताने दाबली. साल सपाट झाली, पण जागोजागी फाटली. गोल वस्तूची बाहेरची बाजू न फाटता, न ताणता सपाट करता येत नाही. जर्मन गणितज्ञ गाऊस याने १८२७ साली हे गणिताने सिद्धही केले. म्हणजे जगाचा कोणताही सपाट नकाशा घ्या, कुठे ना कुठे तो चुकणारच. आकार बरोबर ठेवला तर क्षेत्रफळ बिघडते, क्षेत्रफळ सांभाळले तर आकार बिघडतो. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या या पद्धतीलाच भूगोलात प्रक्षेपण म्हणतात.

मर्केटरच्या प्रक्षेपणात काय होते ते पाहू. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर सुमारे ४० हजार किलोमीटर आहे. उत्तरेकडे जावे तसे अक्षवृत्त लहान होत जाते. ६० अंश उत्तर अक्षवृत्ताची लांबी विषुववृत्ताच्या अर्धी, म्हणजे सुमारे २० हजार किलोमीटर. पण नकाशा आयताकृती आहे, त्यामुळे कागदावर दोन्ही रेघा सारख्याच लांबीच्या काढल्या जातात. म्हणजे ६० अंशावरची जमीन पूर्व-पश्चिम दुप्पट ताणली गेली. आता दिशा आणि कोन बिघडू नयेत म्हणून तिला उत्तर-दक्षिणही तितकेच ताणावे लागते. दोन्हीकडून दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. ८० अंशावर तर हीच वाढ तेहतीस पटीच्या आसपास जाते. ध्रुव या नकाशात दाखवताच येत नाही, कारण तिथे ताण अनंत होतो.

थोडक्यात, जो देश विषुववृत्तापासून जितका दूर तितका तो नकाशात फुगतो. आफ्रिकेच्या मधोमध विषुववृत्त जाते, म्हणून ती जवळपास आहे तेवढीच दिसते. तिच्यात फारसे काही कमी झालेले नसते, शेजारचे फुगल्यामुळे ती आखडलेली वाटते. लग्नाच्या फोटोत पुढे उभे राहिलेले उंच दिसतात आणि मागचे बुटके, तसाच हा प्रकार.

याची काही उदाहरणे आपल्या ओळखीची आहेत. ब्रिटनचे क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४४ हजार चौरस किलोमीटर. आपला महाराष्ट्र ३ लाख ७ हजार ७१३. म्हणजे ज्या देशाने दीडशे-दोनशे वर्षे आपल्यावर राज्य केले तो आपल्या एका राज्यापेक्षा लहान आहे. इटलीसुद्धा महाराष्ट्रापेक्षा किंचित लहानच. नॉर्वेची मुख्य भूमी महाराष्ट्रापेक्षा जरा मोठी, सुमारे ३ लाख २४ हजार. पण भिंतीवरच्या नकाशात नॉर्वे पाहा आणि महाराष्ट्र पाहा! आफ्रिकेच्या पूर्वेला असलेले मादागास्कर बेट ब्रिटनच्या दुपटीहून मोठे आहे, ५ लाख ८७ हजार चौरस किलोमीटर. मर्केटर नकाशात मात्र दोन्ही साधारण सारखी दिसतात.

हे कारस्थान आहे का?

इथे आपल्या वाचकांशी थोडे स्पष्ट बोलायला हवे. अशी माहिती हाती आली की आपल्याकडे लगेच एक निष्कर्ष काढला जातो : पाश्चात्यांनी मुद्दाम स्वतःला मोठे आणि आपल्याला छोटे दाखवले. समाजमाध्यमांवर असे संदेश फिरतही असतात. ऐकायला बरे वाटते, पण हकीकत इतकी सोपी नाही.

गेरार्डस मर्केटर याने आपला जगाचा नकाशा १५६९ साली १८ कागदांवर छापला. तो कुणासाठी आहे हे त्याने नकाशाच्या शीर्षकातच सांगितले होते : समुद्रप्रवाशांसाठी. भर समुद्रात खलाशाला ग्रीनलँडचे क्षेत्रफळ घेऊन काय करायचे? त्याला हवी असते दिशा. होकायंत्राची सुई एकाच कोनावर धरून जहाज चालवले तर तो मार्ग मर्केटरच्या नकाशात सरळ रेघ होतो. पट्टी ठेवा, रेघ मारा, कोन मोजा, निघा. त्या काळात ही फार मोठी सोय होती. आकार फुगतात ही त्या सोयीची किंमत होती आणि खलाशाला ती परवडत होती.

बिघडले ते नंतर. दर्यावर्दी लोकांचे हे हत्यार जहाजावरून उतरले आणि शाळेच्या भिंतीवर, सरकारी कचेऱ्यांत, घरोघरच्या ॲटलासमध्ये जाऊन बसले. तिथे त्याला वेगळाच प्रश्न विचारला जाऊ लागला : कोण किती मोठा? या प्रश्नाचे उत्तर द्यायला तो नकाशा बनलाच नव्हता. युरोपची साम्राज्ये जगभर पसरत होती, तेव्हा त्यांना हे चित्र गैरसोयीचे वाटले नाही, म्हणून बदलायची घाईही कुणी केली नाही, असे म्हणता येईल. पण गैरसोयीचे न वाटणे वेगळे आणि कट करणे वेगळे. आरोप करताना हा फरक आपण पाळला नाही तर आपलेच म्हणणे हलके होते.

हेही लक्षात घ्यावे की या नकाशाच्या गैरवापराविरुद्ध पाश्चात्य जाणकारांनीही आवाज उठवला आहे. जर्मनीच्या आर्नो पीटर्स यांनी १९७३ मध्ये समान क्षेत्रफळाचा नकाशा पुढे आणला. तशीच रचना जेम्स गॉल या स्कॉटिश पाद्र्याने १८५५ सालीच मांडली होती, म्हणून तिला गॉल-पीटर्स म्हणतात. त्यात क्षेत्रफळ खरे असते, पण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका उभ्या ताणल्यासारख्या दिसतात. १९८९ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या सात भूगोल आणि नकाशाशास्त्र संस्थांनी ठराव करून सर्वसाधारण वापरासाठी आयताकृती जागतिक नकाशे टाळा असे आवाहन केले. त्यात मर्केटर आला तसाच पीटर्सही आला. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन शहराच्या सरकारी शाळांनी काही वर्गांत मर्केटरसोबत गॉल-पीटर्स नकाशा लावला. २०१८ मध्ये टॉम पॅटरसन, बोयान शाव्रिच आणि बर्नहार्ड जेनी या तिघांनी 'इक्वल अर्थ' तयार केला, ज्यात क्षेत्रफळ खरे राहते आणि आकारही डोळ्यांना फार वेडावाकडा वाटत नाही. आफ्रिकन युनियनने पाठिंबा दिला तो याच नकाशाला.

आणि आपल्या मोबाईलमधला नकाशा? तोही बहुतेक वेळा मर्केटरचाच एक प्रकार असतो. त्यालाही कारण आहे. गल्ली शोधताना चौक काटकोनात दिसला पाहिजे, रस्ता जिकडे वळतो तिकडेच वळलेला दिसला पाहिजे. त्या कामाला मर्केटर उत्तम. गूगलने २०१८ पासून संगणकावर नकाशा पूर्ण लांब नेला की पृथ्वीचा गोल दिसेल अशी सोय केली. म्हणजे गल्लीसाठी एक नकाशा आणि जगासाठी दुसरा. हेच शहाणपणाचे आहे.

नुकसान काय होते?

"ठीक आहे, नकाशा थोडा चुकला, पण त्याने कुणाचे काय बिघडते?" शिक्षकांच्या खोलीत एका सहकाऱ्याने आम्हाला असे विचारले. प्रश्न रास्त आहे. नकाशा बदलल्याने आफ्रिकेत एकही विहीर खोदली जाणार नाही की एकही शाळा उभी राहणार नाही. पण मनात जे चित्र बसलेले असते त्यावरून माणूस निर्णय घेतो आणि तिथे मात्र बिघडते.

२०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत इबोलाची मोठी साथ आली. तेव्हा केनिया आणि टांझानियासारख्या पूर्वेकडच्या देशांत जाणाऱ्या पर्यटकांनीही आपले बेत रद्द केले. लायबेरियाची राजधानी मन्रोव्हिया आणि केनियाची राजधानी नैरोबी यांच्यात ५ हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे. मन्रोव्हियाहून स्पेनची राजधानी माद्रिद त्यापेक्षा जवळ आहे! पण माद्रिदला जाणे कुणी थांबवले नाही. 'आफ्रिकेत साथ आहे' एवढेच लोकांनी ऐकले आणि सगळा खंड एका मोहल्ल्यासारखा समजला. हॉटेलात काम करणाऱ्या, गाडी चालवणाऱ्या गरीब माणसांची रोजी त्यात गेली. हा दोष एकट्या नकाशाचा नाही, पण आफ्रिका म्हणजे एक छोटीशी, एकसारखी जागा ही समजूत पक्की करायला तो हातभार लावतो.

ग्रीनलँडचेच घ्या. डोनाल्ड ट्रम्प यांनी ते विकत घेण्याची भाषा २०१९ मध्ये पहिल्यांदा केली आणि दुसऱ्यांदा निवडून आल्यावर पुन्हा केली. त्यामागे खनिजे आहेत, लष्करी तळ आहेत, वितळणाऱ्या बर्फातून खुले होणारे जलमार्ग आहेत. पण नकाशावर हे बेट केवढे प्रचंड दिसते याची भुरळ त्यांनी स्वतः एका पुस्तकासाठी दिलेल्या मुलाखतीत बोलून दाखवली होती. त्या बेटावर सुमारे ५७ हजार माणसे राहतात, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. नकाशात जमीन मोठी दिसली आणि माणसे दिसलीच नाहीत. मागच्या बाकावरचा आमचा विद्यार्थी आणि जगातला सर्वांत बलाढ्य नेता, दोघेही एकच नकाशा पाहून फसू शकतात.

आता जरा स्वतःकडे पाहू. सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून युद्ध सुरू आहे. लाखो लोक घरदार सोडून गेले आहेत. दारफुरच्या बातम्या आपण वाचतो, मशिदीत दुआही होते. पण आम्ही ओळखीच्या दहा-बारा सुशिक्षित माणसांना विचारले, दारफुर म्हणजे काय? बहुतेकांनी सांगितले, एक शहर. दारफुर हा प्रदेश आहे आणि तो महाराष्ट्राच्या दीडपट मोठा आहे. सुदान हा अख्खा देश भारताच्या निम्म्याहून मोठा आहे. तिथले लोक चालत सीमेपर्यंत गेले, असे वाचताना आपल्या डोळ्यांपुढे एका गावाहून दुसऱ्या गावाचे अंतर येते. प्रत्यक्षात ते नागपूरहून मुंबईला चालत येण्यासारखे असू शकते. उम्मतच्या दुःखाची गोष्ट आपण करतो, पण त्या दुःखाचा विस्तार आपल्याला माहीत नसतो. त्यासाठी युरोपला दोष देऊन कसे चालेल?

किब्ला कोणत्या दिशेला?

नकाशाची फसगत मुसलमानांच्या रोजच्या जगण्याला कशी भिडते याचे एक उदाहरण आमच्या घरातलेच आहे. आमचे एक मामेभाऊ नोकरीनिमित्त न्यू जर्सीला गेले. पहिल्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. "भाई, यहां की मस्जिद का रुख उत्तर-पूर्व की तरफ है. नक्शे में तो मक्का नीचे की तरफ दिखता है. ये लोग गलत तो नहीं पढ रहे?"

भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्कहून मक्का पूर्वेला, थोडे दक्षिणेकडे झुकलेले दिसते. त्यामुळे ईशान्येकडे तोंड करून नमाज पढणे विचित्र वाटते. उत्तर अमेरिकेतल्या मुस्लिमांत या प्रश्नावर अनेक वर्षे वाद झाले. पण पृथ्वीगोल घ्या, एक दोरा घ्या. त्याचे एक टोक न्यूयॉर्कवर आणि दुसरे मक्केवर धरून दोरा ताणा. दोरा आधी उत्तरेकडे चढतो, अटलांटिक ओलांडतो, युरोपवरून खाली उतरतो आणि मक्केला पोहोचतो. गोलावर दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग हाच आणि न्यूयॉर्कमध्ये त्याची सुरुवात ईशान्येकडे होते. आमच्या भावाने मुलाच्या खेळण्यातला गोल घेऊन हे करून पाहिले आणि मग त्यांचे समाधान झाले.

आपल्या पूर्वीच्या विद्वानांना ही अडचण माहीत होती. हजार वर्षांपूर्वी अल-बैरुनी यांनी गझनीहून किब्ल्याची दिशा काढण्यासाठी शहरांची स्थाने मोजली, पृथ्वी गोल धरून गणित केले. सतराव्या शतकात इराणच्या इस्फहानमध्ये पितळेच्या चकतीवर कोरलेले असे नकाशे बनत होते की ज्यांच्या केंद्रस्थानी मक्का असे. त्यावर एक फिरणारी पट्टी असे. पट्टी आपल्या शहरावर आणली की कडेला किब्ल्याची दिशा आणि पट्टीवर मक्केचे अंतर वाचता येई. असा पहिला नकाशा आधुनिक अभ्यासकांच्या नजरेस १९८९ मध्ये आला. त्या चकतीवर देशांची क्षेत्रफळे खरी नाहीत आणि ती बनवणाऱ्याला त्याची फिकीरही नव्हती. त्याला एकाच प्रश्नाचे उत्तर हवे होते आणि ते उत्तर ती चकती चोख देत होती.

त्याआधी ११५४ साली अल-इद्रीसी यांनी सिसिलीचा ख्रिस्ती राजा रॉजर दुसरा याच्या दरबारात जगाचा नकाशा पूर्ण केला. त्यात दक्षिण दिशा वर आहे. आज तो पाहिला तर जग उलटे टांगल्यासारखे वाटते. पण उत्तर वर असावी असा काही निसर्गाचा नियम नाही, ती फक्त सवय आहे.

मर्केटरचा नकाशा आणि इस्फहानची चकती, दोन्ही आपापल्या कामात खऱ्या. नकाशा हाती घेतला की पहिला प्रश्न विचारायचा तो हा : तू कोणत्या कामासाठी बनला आहेस? त्या कामापलीकडचे काही त्याला विचारले तर तो चुकीचे उत्तर देईल आणि दोष आपला असेल.

मोठे म्हणजे महत्त्वाचे का?

हे सगळे वर्गात सांगून झाल्यावर आम्हाला वाटले, धडा संपला. पण मुले आनंदात मोजू लागली : आपण ब्रिटनपेक्षा मोठे, आफ्रिका अमेरिकेपेक्षा मोठी, सौदी ग्रीनलँडएवढा! तेव्हा आमच्या लक्षात आले की एक गैरसमज काढताना आम्ही दुसरा पेरत होतो. जो मोठा तो भारी, हाच तर मूळ गैरसमज आहे. फुगलेल्या नकाशाने युरोपला जे दिले तेच खऱ्या नकाशातून आपल्याला हवे असेल तर आपण शिकलो काय?

म्हणून आम्ही फळ्यावर आणखी एक आकडा लिहिला : ३६५ चौरस किलोमीटर. हे गाझा पट्टीचे क्षेत्रफळ. बृहन्मुंबईपेक्षाही कमी. जगाच्या नकाशावर, मग तो मर्केटर असो की इक्वल अर्थ, गाझा टाचणीच्या टोकाएवढीही दिसत नाही. पण तिथे वीस लाखांहून जास्त माणसे आहेत. कोणत्या नकाशात त्यांचे दुःख मोजता येईल?

आफ्रिकेचा आग्रह योग्य आहे, कारण तो आपण मोठे आहोत अशी फुशारकी मारत नाही. आम्ही आहोत तेवढे दाखवा, एवढीच त्याची मागणी आहे. वजनात माप मारू नये, ही आपल्या दीनची ताकीद आपण दुकानदाराला सांगतो. ती नकाशा टांगणाऱ्या शिक्षकालाही लागू आहे.

आपण काय करू शकतो?

युनोने कोणता नकाशा वापरावा हे आपल्या हातात नाही. पण आपल्या शाळा, मदरसे, अभ्यासिका आणि घरे आपल्या हातात आहेत. काही सोप्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट, प्रत्येक शाळेत निदान एक पृथ्वीगोल असावा आणि तो मुख्याध्यापकांच्या कपाटात नव्हे, मुलांच्या हातात असावा. काही शे रुपयांत तो मिळतो. पालकांनी वाढदिवसाला एखादे खेळणे कमी घेऊन घरी गोल आणला तरी चालेल.

दुसरी, भिंतीवरचा जुना नकाशा फेकून देऊ नका. त्याच्या शेजारी समान क्षेत्रफळाचा नकाशा लावा. इक्वल अर्थ नकाशा इंटरनेटवर मोफत मिळतो, मोठ्या कागदावर छापून घेता येतो. दोन नकाशे शेजारी असले की मुले आपोआप प्रश्न विचारतात आणि एकच असला की पाठ करतात.

तिसरी, ट्रेसिंग पेपरचा खेळ. गोलावर ग्रीनलँडची बाह्यरेषा काढा, कागद सरकवत अरबस्तानावर आणा, मग काँगोवर, मग भारतावर. पाच मिनिटांत मुलांना जे समजते ते पन्नास आकड्यांनी समजत नाही.

चौथी गोष्ट मोठ्यांसाठी. दूरच्या देशाची बातमी वाचताना तो देश किती मोठा आणि तिथे माणसे किती, एवढे तरी पाहून घ्यावे. बातमी पुढे पाठवायच्या आधी तर नक्कीच. तहकीक केल्याशिवाय बोलू नये, हे आपण मिंबरवरून ऐकतो. नकाशाही एक प्रकारची बातमीच आहे, कुणीतरी कुठल्यातरी हेतूने आपल्यापर्यंत पोहोचवलेली.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दुसऱ्या दिवशी दिले. नकाशा खोटा नाही, पण त्याला जे विचारायला नको तेच आपण विचारत होतो आणि हे तुम्हाला सांगायचे काम आमचे होते, ते आम्ही केले नाही. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग सर, त्याच्यावर तसं लिहून ठेवू या ना."

आता आमच्या वर्गातल्या नकाशाच्या खाली, लाकडी दांडीजवळ, एक पांढरी पट्टी चिकटवलेली आहे. त्यावर मुलांच्या अक्षरात मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांत लिहिले आहे : दिशा पाहण्यासाठी हा नकाशा वापरावा, आकार पाहण्यासाठी गोल वापरावा.